कुकर कसा फुटला, हे आयोगाला चित्रातून कसं दाखवायचं

युक्तिवाद संपतो, प्रकरण निकालासाठी ठेवलं जातं आणि निकालपत्र लिहायला घ्यायचा दिवस त्यानंतर कधीतरी उजाडतो. दरम्यान त्याच टेबलावरून विम्याचे नाकारलेले दावे, बिल्डरने न दिलेले ताबे, रद्द झालेल्या सहली असं बरंच काही येऊन गेलेलं असतं. त्या दिवशी ग्राहक आयोगाच्या अध्यक्ष आणि सदस्यांसमोर तुम्ही नसता, तुमचा तज्ज्ञ नसतो, तुम्ही हवेत हात फिरवून काढलेला कुकरही नसतो. समोर फक्त फाइल असते. चित्र काढायचं ते त्या दिवसासाठी. नव्या वकिलांना मी सगळ्यात आधी हेच सांगते, कारण बहुतेकांची मेहनत सुनावणीच्या दहा मिनिटांवर खर्च होते आणि फाइलमध्ये मागे उरते ती काळीकुट्ट झेरॉक्स.

हा लेख ग्राहक आयोगात सदोष वस्तूंच्या तक्रारी नव्याने चालवणाऱ्यांसाठी आहे. स्वतःची तक्रार स्वतः चालवणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवते: झाकण उडालेला प्रेशर कुकर. भांडं सगळ्यांच्या ओळखीचं आहे, पण त्याच्या आत काय चालतं हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

आधी वाक्य, मग चित्र

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याचं सहावं प्रकरण, म्हणजे कलम ८२ ते ८७, उत्पादन दायित्वाचं आहे. उत्पादक कशासाठी जबाबदार धरला जातो ते कलम ८४ सांगतं: बनवताना राहिलेला दोष, रचनेतला दोष, ठरलेल्या मापा-मानकांपासून फारकत, दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसणं, आणि वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे नसणं. यातली कोणती खुंटी तुमची, म्हणजे तक्रार यातल्या कशावर टांगायची, हे ठरल्याशिवाय पेन्सिल हातात घेऊ नका.

कारण प्रत्येक खुंटीचं चित्र वेगळं निघतं. बनवताना दोष राहिला असेल तर त्याच मॉडेलचा चांगला नग आणि तुमचा नग शेजारी-शेजारी दाखवावे लागतात. रचनाच चुकली असेल तर दोन्ही नग सारखेच दिसणार, मग तुलना करायची ती दुसऱ्या, अधिक सुरक्षित रचनेशी. सूचनांचा मुद्दा असेल तर कुकर कापायची गरज नाही, माहितीपुस्तिकेच्या त्या पानाचा मूळ आकारातला फोटो पुरतो, म्हणजे अक्षर किती बारीक आहे ते आपोआप दिसतं.

कागदावर एक वाक्य लिहा. उदाहरणार्थ, ‘झाकणाचे दाते भांड्याच्या दात्यांखाली पुरेसे अडकत नव्हते, म्हणून नेहमीच्याच दाबाला झाकण सुटलं.’ (दाते म्हणजे झाकण फिरवलं की भांड्यात अडकणारे कडेचे उंचवटे.) चित्राने एवढंच सांगायचं. दुसरं वाक्य असेल तर त्याला दुसरं चित्र.

वस्तूला हात लावण्याआधी

माझ्याकडे एक बाई कुकर घेऊन आल्या. हातावर भाजल्याचे व्रण, चेहऱ्याच्या एका बाजूची कातडी अजून गुलाबी. पिशवीतून कुकर काढला तर लखलखीत, घासूनपुसून आणलेला. म्हणाल्या, “ताई, वरण सुकून चिकटलं होतं सगळं. असं खरकटं भांडं तुमच्याकडे कसं आणायचं?” त्या बाईंना मी काय बोलणार? पण शिट्टीच्या नळीत डाळीची सालं अडकली होती की नव्हती, हे सांगणारा पुरावा त्या घासणीबरोबर मोरीतून वाहून गेला होता. आणि पुढे कंपनीने पहिला मुद्दा तोच काढला, की नळी तुंबली होती, तक्रारदाराने भांडं साफ ठेवलं नाही.

तेव्हा पक्षकाराचा पहिला फोन येईल त्याच क्षणी सांगा: घासू नका, जोडून बघू नका, दुकानदाराला परत देऊ नका, कंपनीचा माणूस आला तर त्याच्या हाती सोपवू नका. तुटलेल्या धातूचे दोन तुकडे एकमेकांना लावून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तुटलेल्या पृष्ठभागावरच धातू कसा तुटला ते लिहिलेलं असतं. वारंवार ताण बसून हळूहळू चिरत गेलेल्या धातूवर ओल्या वाळूवर लाटा रेषा सोडून जातात तशा रेषा असतात, एका फटक्यात तुटलेला भाग खरबरीत दिसतो. तुकडे घासले की ते अक्षर पुसलं जातं.

फोटो काढताना शेजारी शाळकरी मोजपट्टी ठेवा. आधी लांबून, सगळं स्वयंपाकघर दिसेल असा, मग ओट्याचा, मग वस्तूचा, मग दोषाच्या जागेचा. जवळचा फोटो कुठल्या मोठ्या फोटोतला तुकडा आहे हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे. छताला चिकटलेलं वरण, शेगडीपासून झाकण पडलेल्या जागेपर्यंतचं अंतर, हेही टिपून ठेवा. मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो आकसतो आणि तो कधी काढला हा तपशीलही सहसा गळून पडतो.

दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल तर कलम ३८ प्रमाणे आयोग नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. मुदत वाढूही शकते. चाचणीची फी आधी तक्रारदाराने भरायची असते. या अर्जातच प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्न नेमके लिहा आणि मोजपट्टीसह फोटो अहवालाला जोडावेत अशी विनंती करा. ‘नमुना सदोष आढळला’ एवढ्या एका ओळीच्या अहवालावर चित्र उभं राहत नाही.

तज्ज्ञासमोर कोरा कागद ठेवा

तज्ज्ञाचा अहवाल वाचून स्वतःच आकृती काढायला बसू नका. त्यांच्यासमोर कोरा कागद आणि पेन ठेवा आणि म्हणा, “सर, हे तुमच्या आईला कसं सांगाल?” धातुशास्त्राचे प्राध्यापक असोत की प्रयोगशाळेतले अभियंते, हातात पेन आलं की ते अहवालापेक्षा सोपं बोलतात. त्या ओबडधोबड रेघांतूनच चांगली आकृती निघते.

शब्दही तिथेच ठरवून घ्या. बिलात ‘गॅस्केट’, तक्रारीत ‘रबर’, अहवालात ‘सील’, पुस्तिकेत ‘रिंग’ असं असेल तर वाचणाऱ्याला चार भाग वाटतात. एक शब्द निवडा आणि तक्रार, शपथपत्र, आकृती, लेखी युक्तिवाद सगळीकडे तोच ठेवा. मी साधारणपणे बाजारात चालणारा शब्द घेते: शिट्टी, गॅस्केट, सेफ्टी व्हॉल्व.

कुकरची आकृती

घरगुती कुकर हवेच्या दाबापेक्षा साधारण प्रति चौरस सेंटिमीटर एक किलो जास्त दाबावर चालतो. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी जवळपास १२० अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. अहवालात हा दाब किलोपास्कलमध्ये लिहिलेला असतो आणि तो आकडा कोणाच्याही मनात काही उभं करत नाही. त्याऐवजी साधा गुणाकार करा. तोंड २० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर झाकणाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे झाकणाला आतून वर ढकलणारा जोर सुमारे ३१४ किलोंचा. सिमेंटची गोणी ५० किलोंची असते. झाकणावर एकावर एक सहा गोण्या काढा, खाली एक ओळ लिहा: ‘आतली वाफ झाकणाला एवढ्या जोराने वर ढकलते.’ दात्यांवर किती भिस्त आहे हे सांगायला मग वेगळं भाषण लागत नाही.

सहा गोण्या काढल्या तर हिशेबही त्याच पानावर द्या, तोही तज्ज्ञाने तपासलेला. समोरचा वकील गोण्यांवर हरकत घेईल, गुणाकारावर घेऊ शकणार नाही.

दुसरी आकृती उभ्या छेदाची. यात भांडं मधोमध कापल्यासारखं दिसतं आणि तीन राखणदार ठळक होतात. पहिली शिट्टी, जास्तीची वाफ सोडणारी. दुसरा सेफ्टी व्हॉल्व, ज्यातला मऊ धातू तापमान हद्दीबाहेर गेलं की वितळून वाट करून देतो. तिसरी अनेक मॉडेलमध्ये झाकणाच्या कडेला असणारी खाच, तिथून गॅस्केट बाहेर फुगून वाफ सुटते. शिट्टी तुंबली तरी मागे दोघे उभे असतात.

आता तिसरं पान, आणि मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं. त्यावर एकच प्रश्न: दाब वाढला होता, की झाकणाची पकड कमी पडली? खाली दोन फांद्या. दाब हद्दीबाहेर गेला असं कंपनी म्हणत असेल, तर व्हॉल्वमधला धातू वितळलेला हवा किंवा गॅस्केट खाचेतून बाहेर आलेलं हवं. दोन्ही जागच्या जागी शाबूत असतील, तर एक तर दाब वाढलाच नव्हता आणि दाते नेहमीच्या दाबाला सुटले, किंवा दाब वाढला आणि दोन्ही राखणदार झोपले. दोन्ही फांद्या उत्पादकाच्याच दारात पोचतात. घासलेल्या कुकरवाल्या बाईंच्या प्रकरणात आम्हाला याच पानाने हात दिला. नळी तुंबली होती असं धरून चाललं तरी व्हॉल्व का वितळला नाही, याचं उत्तर कंपनीच्या लेखी जबाबात नव्हतं.

हे पान काढण्याआधी मात्र पक्षकाराला एक प्रश्न खोदून विचारा: गॅस्केट किंवा व्हॉल्व मधल्या काळात बदलला होता का, आणि कुठून आणला? वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात फेरफार झाला तर कलम ८७ विक्रेत्याला बचाव देतं, आणि उत्पादकही तोच मुद्दा काढू शकतो. कोपऱ्यावरच्या दुकानातला नकली व्हॉल्व बसवलेला असेल तर ते आज तुम्हाला कळलेलं बरं. सुनावणीत कळलं तर तुमचंच झाड तुमच्यावर पडतं.

अर्धा कापलेला कुकर

जमत असेल तर त्याच मॉडेलचा नवा कुकर पक्क्या बिलावर विकत घ्या आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून झाकण लावलेल्या स्थितीत उभा कापून घ्या. कडा घासून गुळगुळीत करा, कोणाचं बोट कापायला नको. ही वस्तू हातात घेतली की झाकणाचा दाता भांड्याच्या दात्याखाली कुठवर जातो ते बोटाने चाचपता येतं. आमच्या प्रकरणात एका सदस्यांनी तो तुकडा उचलला, अंगठा त्या फटीवरून दोनदा फिरवला आणि मग प्रयोगशाळेच्या अहवालातला आमच्या कुकरचा फोटो जवळ ओढला. त्यात दात्याच्या अगदी टोकालाच घासल्याची चमकदार रेघ होती आणि कड वर वळलेली होती. म्हणजे पकड होती ती फक्त टोकापुरती. मी त्या वेळी काहीच बोलले नाही.

पण कापलेला कुकर फाइलमध्ये मावत नाही. म्हणून त्याचे फोटो, बिल, कोणी आणि कधी कापला याचं कापणाऱ्याचं शपथपत्र, आणि मॉडेल तेच आहे हे सांगणारं तज्ज्ञाचं वाक्य, एवढं सोबत दाखल करा. मूळ पुरावा असलेल्या वस्तूला मात्र कधीही करवत लावू नका. कापायची वेळ आली तर ते प्रयोगशाळा करेल, आयोगाच्या परवानगीने.

क्षणात घडलेल्या गोष्टी

काही वस्तूंमध्ये दोष जागेचा नसतो, वेळेचा असतो. एअरबॅग घ्या. धडक जाणवणं, निर्णय होणं आणि पिशवी फुगणं हे सगळं पापणी लवायच्या आत व्हावं लागतं. इथे छेदाचं चित्र फारसं काही सांगत नाही, आडवी काळरेषा सांगते. वेगाचंही तसंच. ताशी ५० किलोमीटरने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या आसपासच्या उंचीवरून खाली पडणं. गाडीशेजारी इमारत काढा, बाण दाखवा, हिशेब लिहा.

ग्राहकाची बाजू मांडताना एक निकाल जवळ असू द्या. ह्युंदाई कंपनीच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२२ ला दिलेला. २०१५ साली घेतलेली क्रेटा २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघातात सापडली आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. वेग आणि बल यांची गणितं करून धडकेचा जोर काढण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्रात तज्ज्ञ असावा अशी अपेक्षा नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि ग्राहकाच्या बाजूचा आदेश कायम केला. तेव्हा गाडीच्या पुढच्या भागाचं नुकसान दाखवणारे स्वच्छ फोटो आधी लावा, गणित त्यांच्या मागे.

व्हिडिओ आणि अ‍ॅनिमेशन

इंटरनेटवरून उतरवलेलं अ‍ॅनिमेशन दाखल करू नका. सुरुवातीच्या काळात मी केलं होतं. समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, की हा कुकर कुठल्या मॉडेलचा? त्यानंतर ते चित्र आमचं राहिलं नाही, आणि त्या दिवशी आमच्या बाकीच्या खऱ्या आकृत्यांकडेही संशयाने पाहिलं गेलं.

अ‍ॅनिमेशन करायचंच असेल तर त्यातलं प्रत्येक माप अहवालातलं हवं आणि तज्ज्ञाने ते आपलं म्हणून शपथेवर सांगायला हवं. कॅमेऱ्याची चित्रफीत, फोनमधले फोटो, गाडीच्या संगणकातला डेटा या सगळ्यांना भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, ‘अ’ पक्षकाराने भरायचा आणि ‘ब’ तज्ज्ञाने, आणि फाइलचं हॅश मूल्य त्यात लिहावं लागतं. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठा समजा, एक बिंदू बदलला तरी ठसा बदलतो. ग्राहक आयोग साक्षीपुराव्याच्या काटेकोर नियमांना न्यायालयाइतके बांधलेले नाहीत, म्हणून काही जण प्रमाणपत्राचा कंटाळा करतात. तो कंटाळा अपिलात महागात पडतो. जुन्या कायद्याखाली हेच प्रमाणपत्र किती अटळ आहे ते २०२० साली अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आणि तो वाद आपल्याच जालन्याच्या निवडणुकीतून उभा राहिला होता.

अमेरिकेत, जिथे असे दावे ज्युरीसमोर चालतात, तिथे १ डिसेंबर २०२४ पासून समजावून सांगण्यासाठीची चित्रं आणि प्रत्यक्ष पुरावा यांत फरक करणारा वेगळा नियमच आला. आपल्याकडे असा नियम नसला तरी हा फरक मनात धरा. प्रयोगशाळेने काढलेला फोटो हा पुरावा. गोण्यांची आकृती हे समजावणं. दोन्ही एकाच पानावर मिसळू नका.

फाइलमध्ये टिकेल असं पान

कलम ३८ प्रमाणे तक्रार शपथपत्रांवर आणि कागदपत्रांवर चालते. तोंडी तपास हवा असेल तर वेगळा अर्ज आणि पटण्यासारखं कारण द्यावं लागतं. म्हणून आकृती ही तज्ज्ञाच्या शपथपत्राला परिशिष्ट म्हणून जोडा, आणि शपथपत्रात तिचा उल्लेख असलेला स्वतंत्र परिच्छेद ठेवा. कागदयादीत नुसतं ‘आकृती’ लिहू नका, ‘झाकणाच्या पकडीची आकृती, आधार: प्रयोगशाळा अहवाल पान ४’ असं लिहा. प्रत्येक आकृतीच्या तळाशीही तीच आधाराची ओळ. ज्या रेघेला आधार सापडत नाही, ती रेघ पुसा.

ए-फोर कागद, उभा. लाल आणि हिरव्यावर काहीही अवलंबून ठेवू नका, कारण झेरॉक्समध्ये दोन्ही करडे होतात आणि काही माणसांना मुळातच ते वेगळे दिसत नाहीत. दोष असलेल्या भागात तिरक्या रेघा भरा, बाकीचा भाग कोरा. अक्षरं इतकी मोठी की हातभर अंतरावरून वाचता यावीत. ई-जागृतीवर, म्हणजे ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर, चढवण्याआधी पीडीएफ स्वतः फोनवर उघडून बघा, आणि एकदा काळ्या-पांढऱ्यात छापून त्याची पुन्हा झेरॉक्स काढा. ती झेरॉक्स तुमच्या कार्यालयातल्या टायपिस्टला द्या आणि काही न सांगता विचारा, “यात काय झालंय?” तिला सांगता आलं तर पान दाखल करा.

भाजल्याच्या जखमांचे फोटो डॉक्टरांच्या कागदांसोबत, वेगळ्या भागात. एक-दोन पुरतात. तांत्रिक आकृतीच्या शेजारी जखम लावली की डोळे जखमेवरच थांबतात, आणि नेमका दोष पाहायचा राहून जातो.

सामनेवाल्यांना प्रत आधीच द्या आणि पोच घ्या. लपवून ठेवलेल्या चित्राने हाती येते ती पुढची तारीख.

सुनावणीत, आणि नंतर

आकृतीचं पान उघडून निशाणी क्रमांक, म्हणजे त्या कागदाला फाइलमध्ये मिळालेला क्रमांक, सांगा आणि थोडं थांबा. लोक चित्र बघत असताना बोलू नये, त्यांचे कान तेव्हा बंद असतात. मग एक वाक्य, तेच जे पहिल्या दिवशी लिहिलं होतं.

कंपनीची चित्रं बघताना आधी आलेखाची उभी रेघ शून्यापासून सुरू होते का ते पाहा, मधूनच सुरू केली की छोटा फरक डोंगराएवढा करता येतो. चाचणी घेतलेला नग त्याच मॉडेलचा आणि त्याच काळात बनलेला होता का, तेही पाहा. मग लेखी प्रश्नावलीत ते विचारा.

दाखवलेली वस्तू आयोगाने पाहिल्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, आली आहे का, हे त्याच दिवशी तपासा. नसेल तर छोटी पुरसिस, म्हणजे तसं सांगणारं लेखी निवेदन, द्या. आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तरी मूळ कुकर ताब्यात असेल तर सील तसंच ठेवा. राज्य आयोगाकडे अपिलाला ४५ दिवस असतात, आणि उशीर माफ होऊन त्यानंतरही अपील दाखल होतं. त्या बाईंचा कुकर माझ्या कपाटाच्या खालच्या खणात अजून आहे, खोक्यावर प्रकरण क्रमांक आणि सील केल्याची तारीख लिहिलेली.